दहा मिनिटांत न मावलेला वैमानिक

"ते तेवढं वगळा ना. झेंडावंदनाला रडगाणं कशाला?" सोसायटीचे सेक्रेटरी हे हसत हसत म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

10 ऑगस्ट 2025 ला पुण्यात ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. पंधरा ऑगस्टला त्यांच्यावर दहा मिनिटं बोला, असा मला निरोप आला. आम्हा ठाण्याच्या बाळकुमकरांना हवाई दल ठाऊक ते शेजारच्या कोलशेतच्या तळापुरतं, तेही बिल्डरच्या एनओसीची चर्चा निघाली तर. म्हटलं, पोरांच्या कानावर चार गोष्टी तरी पडतील.

परुळकरांची गोष्ट सांगायला सोपी. भारत-पाक युद्धात 10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई-7 विमान पाकिस्तानात पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोचले. ऑगस्ट 1972 मध्ये भिंतीला भोक पाडून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबतच्या कैदी वैमानिकांसह पसार. पेशावरमार्गे लंडी कोतल गाठलं. अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर आली, आणि तिथे त्यांनी लंडी खानाची चौकशी केली. नकाशात ते स्टेशन होतं. पण तिथली गाडी 1932 मध्येच बंद झालेली! लोकांना संशय आला, पकडले गेले. तेव्हा परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावायला लावला. हे एडीसी उस्मान हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनी ओळखलं, जीव वाचला. 1 डिसेंबर 1972 ला मंडळी मायदेशी परतली. यावर टाळ्या पडणारच, आणि पडाव्यातच.

पण मला पुढे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याबद्दल बोलायचं होतं. सेक्रेटरी वगळायला सांगत होते ते हेच. त्यांचंही विमान सुखोई-7. परुळकरांच्या पाच दिवस आधी, शोरकोटवरच्या हल्ल्यात पडलेलं. त्याच सुमारास ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये जिवंत पकडलेल्या पाच भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात एक नाव होतं 'टॉम्बे'. म्हणजे शत्रूच्याच वर्तमानपत्रात छापून आलं की माणूस आमच्या ताब्यात आहे. नंतर पाकिस्तान म्हणालं, आमच्याकडे असा कुणी नाही. आणि सिमला करारानंतर आपण त्यांचे 93 हजार युद्धकैदी परत केले. हातात एवढे कैदी असताना एका छापील नावाचा हिशेब मागून घेता येऊ नये? 1979 मध्ये आपल्या लोकसभेत अशा चाळीस जणांची यादी सरकारनेच ठेवली. पुढे ती चोपन्नवर गेली. यादी वाढली, माणूस एकही आला नाही.

त्यांची पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेती, 1970 ची अर्जुन पुरस्कारविजेती. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. 2007 मध्ये चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातले दहा तुरुंग दाखवण्यात आले, त्यांत त्याही होत्या. छत्तीस वर्षांनी तुरुंग दाखवून काय दिसणार?

सेक्रेटरींना मी हे तावातावाने ऐकवलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. मी तरीही माईकवर तांबेंचं नाव घेतलं. तोवर मागच्या टेबलावर वड्यांचे खोके उघडले होते, पोरं तिकडे पळाली. बाळकुम गावातले एक वयस्क काका तेवढे थांबले आणि विचारलं, "मंग त्या बाईनं दुसरं लगीन केलं?" मी म्हटलं, नाही. "मंग सरकारनं तिला काय ते सांगाया नको?"

रात्री मात्र माझंच मन उलट फिरलं. लढाईच्या दिवसांतली बातमी. ढिगाऱ्यात सापडलेल्या कागदावरूनही नाव छापता येतं. कदाचित तांबे त्या दिवशीच गेले असतील, आणि आम्ही आशेच्या नावाखाली एका बाईचं आयुष्य टांगणीला लावलं असेल. असेलही. पण तसं असेल तर तेही कुणीतरी सही-शिक्क्यानिशी सांगायला हवं होतं. तेवढंही झालं नाही. परुळकरांचा नेहमीच जयजयकार होतो, याचा मला त्या रात्री थोडा रागच आला. त्यांचा काय दोष त्यात!

तुमच्याकडे सोळा डिसेंबरला कुणी विजय दिवसावर बोलायला उभं राहिलं, तर 93 हजारांचा आकडा येईलच. त्यांना चोपन्नांबद्दलही विचारा. कार्यक्रमाची वेळ संपली तरी विचारा.