‘रेडी’चा हिरवा दिवा

हायब्रिड गाडी घरी आल्यापासून वर्ध्यात मला लोकांनी मायलेजपेक्षा जास्त वेळा एकच गोष्ट विचारली आहे : "भाऊ, हे चालू हाय का बंद हाय?" बटण दाबलं तरी आवाज नाही, थरथर नाही. डॅशबोर्डवर ‘रेडी’ एवढी हिरवी अक्षरं उमटतात. ती दिसली म्हणजे गाडी चालू. इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या आमच्या पिढीला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, आणि ती लावून घेतलीच पाहिजे. रेडी असलेल्या गाडीचं इंजिन बॅटरी उतरली की आपोआप सुरू होतं. बंद शेडमध्ये अशी गाडी सोडून घरात जाणं इंजिनाच्या धुरामुळे जिवावर बेतू शकतं.

या दिव्याची खरी किंमत आम्हाला देवळीच्या एका लग्नात कळली. जेवणं उशिरापर्यंत चालली होती आणि पुतण्या मित्रांसोबत गाडीत गाणी लावून बसला होता, हेडलाइट मांडवाकडे सोडून. ब्रेकवर पाय न ठेवता त्याने बटण दाबलं होतं, त्यामुळे लाइट लागले, गाणी लागली, पण ‘रेडी’ आलं नव्हतं. निघायच्या वेळी डॅशबोर्ड अंधारात. जमलेल्या मंडळींना एकच कोडं : एवढी मोठी बॅटरी आहे, मग गाडी सुरू का होत नाही?

या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. चाकं फिरवणारी मोठी, आपल्याकडच्या बऱ्याच हायब्रिड गाड्यांत १७५ व्होल्टच्या आसपासची. दुसरी साधी १२ व्होल्टची. दिवे, हॉर्न, कुलपं आणि गाडीचा कॉम्प्युटर या धाकटीवर चालतात. कॉम्प्युटर जागा झाला तरच तो रिले ओढून मोठी बॅटरी जोडतो. धाकटी उतरली की मोठी भरलेली असूनही हाताशी येत नाही. या गाड्यांत नेहमीचा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीचा दाब कमी करून धाकटीला चार्ज करणारा कन्व्हर्टर असतो, आणि तो ‘रेडी’ असतानाच काम करतो. म्हणून गाणी ऐकायची, दिवे लावायचे, तर गाडी रेडी करूनच.

त्या रात्री दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावली आणि गाडी जागी झाली. उलटी मदत मात्र हायब्रिड गाडीकडून घेऊ नये. इंजिनाचा स्टार्टर ओढेल तो करंट देण्यासाठी ती धाकटी बॅटरी केलेली नसते. ओळखीचा माणूस केबल घेऊन आला की नाही म्हणणं जड जातं. मी तरी म्हणतो.

फ्यूजचा धडा पावसाळ्यात मिळाला. शेतात पाणी भरलं की उंदीर वर येतात आणि उभ्या गाड्यांत शिरतात. आमचे मागचे दिवे गेले. मॅन्युअलमध्ये जागा पाहून फ्यूज काढला, तार तुटलेली होती. तेवढ्याच अँपिअरचा नवीन लावला. तोही उडाला. वायरिंगवाल्याकडे नेली तेव्हा शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, मोठा फ्यूज टाका, काम होऊन जाईल. वायरिंगवाल्याने मान वर न करता सांगितलं, "पंधराच्या जागी तीसचा टाकला तं फ्यूज नाही जळत, वायर जळते." मग त्याने डिक्कीचं अस्तर उघडून कुरतडलेली वायर दाखवली. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा दोष पुढे कुठेतरी असतो. फ्यूजच्या रंगावरून अँपिअर कळतात : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. ब्लेड प्रकारच्या फ्यूजमध्ये ही खूण बहुतेक गाड्यांना सारखीच.

त्याच वायरिंगवाल्याने नारिंगी वेष्टनाच्या वायरींना हात लावायला साफ नकार दिला, आणि त्याच्याबद्दलचा माझा आदर वाढला. नारिंगी म्हणजे मोठ्या बॅटरीची लाइन. ते काम शिकलेल्या माणसाचं, रबरी हातमोजे घालून करायचं.

डॅशबोर्डवरचे इशारे मी आता रंगावरून आधी वाचतो. हिरवा-निळा माहितीसाठी. पिवळा आला तर गाडी चालते, पण लवकर दाखवायची. मात्र पिवळं इंजिनचिन्ह लुकलुकत असेल तर थांबायचं. लाल म्हणजे सुरक्षित जागी बाजूला घ्यायची. बटण दाबल्यावर सगळे दिवे क्षणभर पेटतात, तेव्हाही नजर ठेवावी. एअरबॅगचा दिवा त्या वेळी पेटलाच नाही, तर खरा बिघाड झाला तरी तो काही सांगणार नाही. आणि एका बाजूचा इंडिकेटर अचानक घाईने लुकलुकू लागला, तर बहुधा त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि मोठ्या बॅटरीला थंड हवा लागते. अनेक गाड्यांत ती हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. गावाला जाताना आपण तिथेच सतरंज्या आणि पिशव्या कोंबतो. कापसाच्या हंगामात त्या जाळीवर धूळ आणि तंतू बसतात. आतल्या पंख्याचा आवाज वाढला की आधी जाळी मोकळी करावी.

येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावर चढलं की मैलोगणती गॅरेज नाही, बॅटरीवाला नाही. तिकडे जाण्याआधी मॅन्युअलमधल्या फ्यूजच्या आणि इशाऱ्यांच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, १०, १५ आणि २० अँपिअरचे जादा फ्यूज डॅशबोर्डच्या खणात टाका, आणि घरात जो जो गाडी चालवतो त्याला ‘रेडी’चा दिवा एकदा दाखवा.