फुलदाणीच्या तळावरचे नाव

१. उत्तर युरोपातील जुनी काच जमविणारा संग्राहक एखादी फुलदाणी हाती घेतो, तेव्हा आधी ती उलटी करून पाहतो. तळावर बारीक अक्षरांत कोरलेली स्वाक्षरी शोधायची असते: रचनाकाराचे नाव, कारखान्याचे नाव, कधी वर्षही. स्वाक्षरी सापडली की मोल वाढते. मात्र ज्याच्या श्वासाने ती काच फुगली, त्याचे नाव तेथे बहुधा नसते. स्कँडिनेव्हियन काचेचा इतिहास हा या राहून गेलेल्या नावाचाही इतिहास आहे.

२. दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात १७४२ मध्ये कोस्टा कारखाना उभा राहिला. कोस्कुल आणि स्टाल फॉन होल्स्टाइन या दोन संस्थापकांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव झाले. भट्टीला लाकूड भोवतालच्या जंगलाने पुरविले. काच घडविणारे हात मात्र बोहेमिया आणि जर्मनीकडून आले होते. कारखान्याच्या नावात मालक उरले. कारागीर उरले नाहीत.

३. काच फुंकणे हे एकट्याचे काम नव्हे. एकजण लांब लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो, दुसरा तो फुगवितो, तिसरा दांडी किंवा पाय जोडण्यासाठी तापलेली काच आणून देतो आणि वस्ताद अखेरचा आकार देतो. काच निवण्याआधी हे सारे उरकावे लागते. स्मोलांडच्या भट्ट्यांच्या उबेला हिवाळ्यात भटके मजूर आश्रयास येत. त्याच आचेवर हेरिंग मासे भाजले जात. ‘हिट्सिल’, म्हणजे भट्टीवरचे हेरिंग, हे जेवण तेथे आजही आवडीने वाढले जाते.

४. विसाव्या शतकात या भट्टीपाशी चित्रकार येऊन उभा राहिला. ओरेफोर्स कारखान्याने १९१६ मध्ये सिमोन गाटे आणि १९१७ मध्ये एडवर्ड हाल्ड यांना नेमले. हाल्ड हे मातिस यांचे शिष्य. पण दोघांनाही काचकामाचा अनुभव नव्हता. तो होता क्नुट बेर्गक्विस्ट या वस्तादापाशी. रंगीत थर कोरायचा, वस्तू पुन्हा तापवायची, तिच्यावर नितळ काच चढवून ती फुगवायची, ही ‘ग्राल’ पद्धत त्यांच्या सहकार्यातून घडली. १९१९ मध्ये ग्रेगोर पाउल्सोन यांनी रोजच्या वापराच्या वस्तू अधिक सुंदर असाव्यात, असा आग्रह धरणारी पुस्तिका लिहिली आणि कलावंत व कारखाना यांच्या या युतीला तत्त्वाचे बळ लाभले.

५. फिनलंड काटेकोर भूगोलानुसार स्कँडिनेव्हियात मोडत नाही. पण त्याला वगळून ही कथा पुरी होत नाही. आल्व्हार आल्टो यांची लाटेसारख्या कडेची फुलदाणी १९३६ ची. महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला भरपाई देत असलेल्या या देशाला जगापुढे नवी ओळख हवी होती. १९५१ च्या मिलान त्रिएनालेत तापिओ विर्कला यांनी तीन सर्वोच्च पारितोषिके पटकावली. रचनाकाराचे नाव आता राष्ट्राची प्रतिष्ठा वाहू लागले.

६. तरीही भट्टीने आपला वाटा सोडला नाही. तिमो सार्पानेवा यांच्या १९६४ च्या ‘फिनलांडिया’ मालिकेसाठी लाकडी साचे कोरले जात. तापलेली काच आत फुगताना लाकूड जळे आणि जळक्या लाकडाची सालीसारखी खडबड काचेवर उमटे. प्रत्येक खेपेस साचा आणखी जळे. म्हणून एकाच साच्यातल्या दोन वस्तूही सारख्या निघत नसत. स्वाक्षरी एकाची, घडण मात्र हात, श्वास आणि आग यांची.

७. हे वैषम्य आतून ओळखणारे रचनाकार म्हणजे काय फ्रांक. नुताजार्वी कारखान्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये ‘कार्तिओ’ हा साधा, निमुळता पेला रेखला. १९६० च्या दशकात त्यांनी जाहीर भूमिका घेतली की, रोजच्या वापराच्या वस्तू रचनाकाराच्या नावाने विकू नयेत. त्या अनेकांच्या श्रमातून होतात. काळाचा उपरोध असा की, तोच पेला आज त्यांच्याच नावाने विकला जातो.

८. ओरेफोर्स गावातील कारखाना २०१३ मध्ये बंद झाला. १७९३ पासून चाललेला नुताजार्वीचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. नावे मात्र टिकली. ओरेफोर्सची मुद्रा आजही बाजारात आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने हातघडणीच्या काचकामाचे ज्ञान आणि कौशल्य मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविले. ते नामांकन फिनलंडसह सहा देशांचे होते. ही नोंद फुलदाण्यांची नाही, त्या घडविण्याच्या विद्येची आहे. फुलदाणी संग्रहालयाच्या कपाटात शतकभर सुखाने राहते. ही विद्या मात्र वस्तादाशेजारी उभ्या राहणाऱ्या शिकाऊ मुलाच्या हातांतच राहू शकते. तो मुलगा आला नाही, तर ती एका पिढीत संपते.