माळ्यावरची पेटी

झुरळं मारायची, कोपऱ्यात जेल लावायचं, चप्पल घेऊन मागे धावायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. झुरळं पाळतातही, हे यंदा बकरी ईदनंतरच्या आठवड्यात कळलं.

नालासोपाऱ्यात आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या, अकरावीत शिकणाऱ्या मुलाकडे अरोवाना मासा आहे. हातभर लांब, चांदीसारखा चकचकीत. त्याला जिवंत किडे आवडतात. घरातलं झुरळ पकडून द्यावं, तर त्याने आधी कुठे विषारी जेल खाल्लेलं असलं की मासाच धोक्यात. म्हणून मुलाने ऑनलाइन 'रेड रनर' नावाची झुरळं मागवली. प्लॅस्टिकच्या पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे केले, कोंडा आणि गाजर टाकलं, आणि पेटी न्हाणीघरावरच्या माळ्यावर ठेवली. विचार काही बावळटपणाचा नव्हता. मासा तो जीव लावून सांभाळतो, हेही खरं.

"ही गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. बरोबर आहे, चढत नाहीत. पण मादी अंड्यांची कुपी कोंड्यातच टाकून मोकळी होते, आणि एका कुपीत पंधरा-सतरा अंडी असतात. पेटी साफ करताना तोच कोंडा कचऱ्याच्या डब्यात जातो. डबा रात्रभर जिन्यात राहतो. पेटी उघडलीच नाही तरी झुरळं बाहेर पडायची वाट तयारच असते. शिवाय आपल्या इमारतींत एका घराची न्हाणी, दुसऱ्याचं स्वयंपाकघर आणि तिसऱ्याची खिडकी एकाच डक्टवर उघडते. भिंती आपापल्या, पाइप मात्र सगळ्यांचे.

त्याच डक्टपलीकडे दमा असलेली एक सात वर्षांची मुलगी राहते. आम्हाला काळजी झुरळाच्या किळसेची नव्हती, तिची होती. झुरळाची विष्ठा, लाळ आणि कात वाळून त्यांची धूळ होते, आणि ती दम्याला चेतवते. 1997 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेच्या शहरांतल्या दमा असलेल्या 476 मुलांची पाहणी छापून आली. ज्या मुलांना झुरळाची ॲलर्जी होती आणि झोपायच्या खोलीतही ती धूळ भरपूर होती, त्यांना इतरांच्या सुमारे तिप्पट वेळा इस्पितळात दाखल व्हावं लागलं होतं. पेटीत शेकडो झुरळं एका जागी कात टाकतात. पाळणाऱ्यालाही हळूहळू शिंका आणि खाज सुरू होऊ शकते. मुलाच्या अम्मीने हे ऐकलं आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दोन महिने त्याला 'सर्दी' होती.

हे रेड रनर म्हणजे तुर्कस्तानी झुरळ. उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंतचं. 1978 मध्ये ते कॅलिफोर्नियात एका लष्करी आगारात सापडलं. नंतर ते पाण्याच्या मीटरच्या पेट्यांत, काँक्रीटच्या भेगांत, कुंड्यांखाली असं पसरलं की अमेरिकेच्या त्या कोरड्या भागांत आधीचं काळं झुरळ मागे पडलं. याची पिल्लं लवकर वाढतात आणि मादी अंडीही जास्त घालते. मीटरच्या पेट्या आणि भेगा आमच्याकडे काय कमी आहेत!

परक्यालाच दोष द्यायचा तर थोडं इकडेही पाहावं. स्वयंपाकघरातलं ते बारीक 'जर्मन' झुरळ मुळात जर्मन नाहीच. 2024 मध्ये 17 देशांतल्या 281 झुरळांची जनुकं तपासून संशोधकांनी दाखवलं की ते सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारकडे निपजलं. सुमारे 1200 वर्षांपूर्वी खिलाफतीच्या काळातल्या व्यापारी आणि लष्करी वाटांनी ते पश्चिमेला गेलं असावं. सोपारा बंदर जुनं. कुणाच्या शिदोरीत काय चढलं असेल, कोण सांगणार? माणूस नकळत एवढं पोहोचवतो, मग पैसे देऊन कशाला मागवायचं?

पेटी काढायची हे ठरलं, पण कशी? एक जण म्हणाले, गच्चीवर सोडा, पक्षी खातील. दुसऱ्यांचं मत, नाल्यात ओता. हे दोन्ही आम्ही निक्षून नाकारलं. तसं करणं म्हणजे त्यांना अख्खी कॉलनी आंदण देणं. पेटी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवणं सोपं होतं, पण त्या आठवड्यात मजल्यावरचा एकेक फ्रीझर कुर्बानीच्या गोश्तने भरलेला. कोणती बाई तिथे झुरळांची पेटी ठेवू देईल? मग साबण घातलेलं उकळतं पाणी आलं. मुलानेच ओतलं. तोंड फिरवलं होतं, पण हात थांबला नाही. ट्रे, कोंडा, सगळं त्यातच भिजवलं, कुपी वाचू नये म्हणून. नंतर दुहेरी पिशवीत बांधून दिलं.

मासा आता कोळंबी आणि तयार दाणे खातो. दोन दिवस रुसला, मग खायला लागला.

डक्टमध्ये आणि मीटरच्या पेटीजवळ चिकट सापळे लावले आहेत. कुपी फुटायला महिन्याहून अधिक काळ लागतो, म्हणून दर शुक्रवारी मुलगाच ते तपासतो. पिवळट पंखांचा सडपातळ नर, किंवा आखूड पंखांची काळसर मादी दिसली तर आम्हाला लगेच सांगायचं ठरलंय. गेल्या शुक्रवारी तीन सापडली. तिन्ही आपली नेहमीचीच, गटारातली.