सगळ्यांना सांगितलं, मग कुणी ऐकलं?

तुमच्याही ऑफिसात असा एक ग्रुप असेलच. नाव 'अलर्ट्स', मेंबर पंचवीस आणि पंचवीसच्या पंचवीस जणांनी तो म्यूट केलेला!

लोअर परळच्या या ऑफिसात मी जॉइन झाले तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसाला शे-दीडशे मेसेज पडायचे. फॉर्म भरला की शीटमध्ये नोंद, नोंद झाली की अकाउंट्सला मेल, असली हमाली आमच्याकडे 'एन-एट-एन' नावाचं टूल करतं. २०१९ मध्ये आलेलं, एकदम झक्कास प्रकरण. पण कुठं काही अडकलं की ग्रुपवर लाल त्रिकोण. '४२९', म्हणजे 'जरा दमानं घ्या, फार रिक्वेस्ट येताहेत', त्यालाही त्रिकोण. '४०१', म्हणजे समोरचं सर्व्हर आपली ओळखच मानत नाही, बहुतेकदा टोकन संपलेलं, तर त्यालाही तोच त्रिकोण. पहिलं थोड्या वेळात आपोआप सुटतं. दुसरं कुणीतरी खुर्चीतून उठल्याशिवाय सुटत नाही. सोसायटीच्या वॉचमननं मांजर दिसली तरी शिट्टी आणि चोर दिसला तरी शिट्टी मारली, तर किती रात्री उठाल?

पहिल्याच आठवड्यात मला एका फ्रीलान्स डिझायनरचा फोन आला. "मॅडम, रागावू नका, पण भाडं थकलंय माझं." बिलं अकाउंट्सकडे पोचवणारा वर्कफ्लो अकरा दिवस '४०१'वर अडकून पडला होता. मेसेज वेळेवर आले होते. म्यूट ग्रुपवर. पैसे तिचे अडकले होते आणि वर माफी तीच मागत होती, हे माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मग बसलो दुरुस्तीला. एन-एट-एनमध्ये वेगळा 'एरर वर्कफ्लो' करता येतो. 'एरर ट्रिगर' या नोडनं तो सुरू होतो आणि प्रत्येक वर्कफ्लोच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो निवडायचा असतो. (हाताने रन करून टेस्ट कराल तर तो ढिम्म हलणार नाही. आपोआप सुरू झालेला रन फेल व्हायला लागतो. यात आमची एक दुपार गेली.) किरकोळ दुखण्यांना नोडवरच 'रिट्राय ऑन फेल', म्हणजे थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. त्यातूनही उरलेले बारीकसारीक एरर रोज सकाळी एका मेलमध्ये. आणि जिथं कुणाचा पैसा किंवा पगार अडकतो, तिथं थेट एका माणसाच्या फोनवर मेसेज: 'फ्रीलान्सरची बिलं थांबलीत, टोकन बदला.' एरर कोड शेवटी.

बॉस म्हणाला, "सगळ्यांना दिसू दे ना, ट्रान्स्परन्सी!" मला हे अजिबात पटत नाही. पंचवीस जणांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं.

पण खरी गंमत पुढे आहे. फेल झालेला वर्कफ्लो निदान ओरडतो तरी. जो सुरूच होत नाही, त्याचं काय? कुणी चुकून बंद केला, फॉर्म बदलला, तर एरर नाही, त्रिकोण नाही, सगळं शांत! लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली 'डेडमॅन हँडल' असतं. गाडी चालू असताना त्यावरचा हात सुटला की ब्रेक लागतात. हात तिथं नाही, हाच सिग्नल. आम्हीही तसंच केलं. रोज सकाळी नऊला मोजणी: काल किती बिलं पोचली? कामाच्या दिवशी शून्य आलं, की फोन वाजतो. ही मोजणी वेगळ्या सर्व्हरवर ठेवलीय, नाहीतर घराबरोबर वॉचमनही झोपायचा!

शिवाय बिल पाठवणाऱ्याला आता लगेच पोच जाते. त्यात माझा नंबर असतो: 'चार दिवसांत काही कळलं नाही तर फोन करा.' लोक उगाच पिडतील, असं बॉसचं म्हणणं. आतापर्यंत दोनच फोन आलेत. त्यातला एक बरोबर होता.