पुलाआधीची यादी

रत्नागिरीहून उत्तरेला, समुद्र डाव्या हाताला ठेवून, थेट जंजिऱ्यापर्यंत. गाडीत मी एकटी. वाटेत चार मोठ्या खाड्या आडव्या येतात: जयगड, दाभोळ, बाणकोट, राजपुरी. चारही ठिकाणी रस्ता पाण्यापाशी संपतो आणि गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. चारही ठिकाणी पूल ठरलेत. ते उभे राहायच्या आत, जाणाऱ्या गोष्टींची यादी लिहून ठेवते.

जयगडचा धक्का. बोट पलीकडे तवसाळला उभी दिसते, पण येते तिच्या वेळेला. तोवर इंजिन बंद, काच खाली. करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणसं बोलतात. "एकट्याच?" मग "गाव कुठलं?" मग आडनाव, मग त्या आडनावाची दोन घरं कुठे आहेत ते. बोट लागेपर्यंत आपली निम्मी वंशावळ निघालेली असते. पूल झाल्यावर हे विचारणार कोण, आणि ऐकायला थांबणार कोण?

गाडी उलटी घेऊन बोटीवर चढवणे. खलाशी नुसत्या पंजाने सांगतो: ये, ये, डावीकडे, बस्स. दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा. ही विद्या इतर कुठेही उपयोगाची नाही.

वस्तीची एस.टी. संध्याकाळी गावात यायची, रात्रभर राहायची, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायची. चालक-वाहकाचं अंथरूण देवळात नाहीतर कुणाच्या ओटीवर. मुंबईचा निरोप, डॉक्टरची चिठ्ठी, आंब्याची पेटी, सगळं वाहकाच्या हाती. आता मोबाइल आहे, वडाप आहे.

आंजर्ल्याला पूर्वी होडीने जायचं. तिथे पूल होऊन बरीच वर्षं झाली. होडीची आठवण काढणारे बहुतेक मुंबईत राहतात.

मंगलोरी कौलं. उतरवून रस्त्याकडेला रचलेली. वर स्लॅब पडलेला.

वेळासची कासवंही यादीत घेतली होती, पण खोडली. ऑलिव्ह रिडलेची अंडी इथे सर्रास उकरून नेत. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी मिळून घरटी राखू लागले. आता पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक पहाटे उठून येतात.

बाणकोटच्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब इतकी वर्षं उभे आहेत की बगळे त्यांवर वंशपरंपरेने बसत असावेत. रेवस ते रेडी हा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी मार्ग तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या डोक्यातला, १९८०च्या सुमाराचा. अजून पुरा व्हायचाय. म्हणून पूल नको असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी हौसेने येणारी. रात्री फेरी बंद झाल्यावर पोटात कळ येते ती इथे राहणाऱ्यांच्या.

श्रीवर्धन-दिवेआगरची रोठा सुपारी. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मध्ये जायफळ, आणि भर दुपारी वाडीत गार अंधार. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. ज्यांच्या घरात तेवढी वर्षं वाट पाहणारं कुणी होतं, त्यांनी पुन्हा रोपं लावली. बाकीच्यांच्या वाडीत खोल्या उठल्यात: एसी, गरम पाणी, मोदक आधी सांगितल्यास.

दिघीहून आगरदांड्याला उतरून राजपुरी. इथून पुढे गाडीचं काम नाही. जंजिऱ्याला शिडाची होडी. या बेटाला पूल घालायचा विचार नवा नाही. १६८२ मध्ये संभाजीराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा बांध टाकायला घेतला होता. मोगल कोकणात उतरले आणि तो अर्धाच राहिला. आता किल्ल्याला जेटी बांधायचं काम काढलंय. ती झाली की पर्यटक रांगेने, पाय न भिजवता आत जातील.

सध्या तसं नाही. होडी दरवाजापाशी नेतात, ती लाटेवर वर-खाली होत राहते, आणि पायरीवर उभा असलेला माणूस प्रत्येकाला हात देऊन ओढून घेतो. मी पर्स, चप्पल, मोबाइल सांभाळत उभी. तो ओरडला, "ताई, सामान राहू द्या! होडी वर आली की पाय टाका, खाली गेल्यावर नाही!"