ळ नारळाचा

एडक्याने माझे तीन आठवडे खाल्ले. 'ए एडक्याचा' हे लहानपणी घोकलेलं, त्यामुळे अक्षरओळखीचं पुस्तक करायला घेतलं तेव्हा त्या पानाची मला काळजीच वाटली नव्हती. वळलेली शिंगं, लोकरीसाठी सुक्या ब्रशचे जाड फटकारे, मान खाली घालून टक्कर द्यायच्या पवित्र्यातला एडका. तो घेऊन मी एका बालवाडीत गेले. माझी रीत साधी आहे. अक्षरावर कागद ठेवायचा, नुसतं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, "हे काय?"

पहिली म्हणाली, "मेंढी." दुसरा म्हणाला, "बोकड." तिसऱ्याने बराच वेळ निरखून सांगितलं, "बाई, ही उशी आहे."

शिंगं मोठी केली तर बोकड वाढले, लोकर वाढवली तर मेंढ्या. एडका कोणीच म्हणेना. हा शब्दच त्यांच्या घरात नव्हता, मग माझ्या चित्रातून तो कुठून निघणार?

एरवी चित्र पाहून दहा जणांना दहा गोष्टी सुचल्या तर चित्रकार खूश होतो. इथे सगळ्यांना एकच नाव सुचायला हवं, आणि तेही ठरलेल्या अक्षराने सुरू होणारं. औत काढावं तर 'नांगर', उखळ काढावं तर 'खलबत्ता'. ऐरणीला तर एकाने सरळ 'टेबल' म्हटलं. शेवटी एडक्याला रजा दिली आणि एक बोट वर केलेली मुलगी काढली. "एक!" सगळा वर्ग ओरडला. रेखाटन पाच मिनिटांचं होतं, ते मनाला लागलं.

पहिल्या फटक्यात पास झालेलं पान एकच. 2009 साली राज्य शासनाने ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत घेतले, तेव्हा ॲसाठी काहीतरी काढणं भाग होतं. ॲम्ब्युलन्स काढली. रुग्णवाहिका असं कोणीही म्हणालं नाही.

च या अक्षराने वेगळंच कोडं घातलं. चमच्यातला च आणि चहातला च लिहायला एक, पण जीभ दोन ठिकाणी लागते. जुन्या अंकलिप्या यातला एक उचलतात आणि पुढे जातात. मला दोन्ही हवे होते, म्हणून वाफाळत्या चहाच्या कपात चमचा उभा केला. कागद ठेवून विचारलं, तर अर्धे म्हणाले 'चहा', अर्धे 'चमचा'. माझ्या नियमाप्रमाणे पान नापास. पण कागद उचलला तर खाली च होताच, दोघांचाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच नियमाचा संशय आला.

विल्यम निकल्सन या इंग्रज चित्रकाराचं 'ॲन अल्फाबेट' 1898 साली लंडनला निघालं. लाकडी ठशांची चित्रं, दर पानावर एक माणूस. ए म्हणजे आर्टिस्ट, आणि तो फुटपाथवर बसलेला चित्रकार म्हणजे निकल्सन स्वतः. एक्सने सुरू होणारा शब्द शोधताना भल्याभल्यांची गाळण उडते. त्याने तिथे झायलोग्राफर बसवला, म्हणजे लाकडावर चित्र कोरणारा. आपल्याच धंद्याने स्वतःची सुटका करून घेतली. मला हेवा वाटतो तो मात्र नंदलाल बोस यांचा. 1930 साली आलेल्या रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बंगाली अक्षरओळखीच्या पुस्तकाची चित्रं त्यांनी लिनोवर कोरली. काळंपांढरं दृश्य, शेजारी चिमुकली कविता. 'हे काय?' असं विचारणारं कोणी नाही.

आपले एक्स दोन, ण आणि ळ. यांनी मराठीत शब्दच सुरू होत नाही, अक्षर मागच्या दाराने आणावं लागतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ण बाणाचा आणि ळ कमळाचा. प्रकाशकांनी कच्ची पानं पाहिली आणि हळूच म्हणाले, "ताई, कमळ नको." मी घड्याळ सुचवलं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. बाणाला धनुष्य आठवतंच, तोही गेला. आपली निम्मी अंकलिपी मतपत्रिकेवर जाऊन बसली आहे हे मला तोवर सुचलं नव्हतं. हरण काढलं तर मुलं 'हरीण' म्हणत, रांजणाला 'माठ'. मग रावण काढला. दहा डोकी आडव्या पानात कोंबताना मान मोडून आली, पण रावणाला दुसरं काही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

ळ सगळ्यांत शेवटी उरला. बाळ काढायचा कंटाळा आला होता. गुळाची ढेप दगडासारखी दिसत होती. नारळ काढला, सोललेला, शेंडीवाला. सगळे म्हणाले 'नारळ'. पण तपकिरी गोळा पानावर मेलेला वाटत होता. हिरवा रंग हाताशी होता, म्हणून असोला नारळ रंगवला, देठासकट, आणि सुट्टीत मालवणकडे गेले तेव्हा बरोबर नेला. ओसरीवर बसलेल्या चार वर्षांच्या पोरासमोर अक्षर झाकून धरलं.

"हे काय?"

"शहाळं," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला कागद त्यानेच ओढून काढला.