निर्लेखन

सरकारी दवाखान्यात मोडकी वस्तूसुद्धा फेकून देता येत नाही. पाय गेलेलं सलाईन स्टँड, गळका स्टरिलायझर, बसकण फाटलेली खुर्ची, सगळं डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं असतं. ते काढायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, समितीने वस्तू डोळ्यांनी पाहायची, मंजुरी आली की त्या नोंदीवर लाल शाईने रेघ मारायची. १९८९ साली घाटमाथ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता म्हणून रुजू झालो. पुढे तेहतीस वर्षांत अशा पुष्कळ रेघा मारल्या. निवृत्तीच्या दिवशी चार्ज दिला तेव्हा यादी अकरा पानांची झाली. एक ट्रे कमी भरला नाही.

त्या यादीत नसलेल्या गोष्टी इथे लिहितो आहे. आरोग्य केंद्रात माणसं का मिळत नाहीत आणि मिळाली तर का टिकत नाहीत, यावर जिल्ह्याच्या बैठकीत दर वेळी चर्चा व्हायची. मला जे दिसलं ते असं.

नावांचा फलक. पोर्चमध्ये काळ्या फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला. पद, आणि समोर माणसाचं नाव. कुणाची बदली झाली की तालुक्याहून पेंटर यायचा, जुनं नाव खरवडायचा, नवं रंगवायचा. तीन-चार वर्षांतून एखादी खेप. नंतर फलकावर मंजूर, भरलेली, रिक्त असे रकाने आले आणि रंगाच्या जागी खडू आला.

‘कंपाउंडर’ ही हाक. कागदोपत्री मी फार्मासिस्ट, पण गावाला कंपाउंडरच. सुरुवातीला मिक्श्चर मीच करायचो. म्हातारी माणसं घरून बाटली आणायची आणि मी कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीला डकवायचो. एक खाच एक डोस. गोळ्यांची पाकिटं आली, खाचा गेल्या. त्याचं मला दुःख नाही, औषधं आता जास्त चांगली आहेत.

भिंतीवरची तारीख. १९५८ साली मलेरिया निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यातला माणूस ठरावीक दिवसांनी घरोघर यायचा, ताप विचारायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायचा. घर सारवलं तरी बाया तेवढा चौकोन सोडून सारवायच्या. देवीची लस टोचणारा ‘देवी डॉक्टर’ त्याच्याही आधीचा. १९७३ साली कर्तारसिंग समितीने अशा वेगवेगळ्या कामगारांचा एकच बहुउद्देशीय कर्मचारी करावा असं सुचवलं. एका अर्थी ते बरोबर होतं, एका घरात चौघांनी चार कामांसाठी कशाला जायचं? पण पुढे त्या एका माणसाचंही पद रिक्त राहू लागलं, आणि मग दारात कुणी येणंच थांबलं.

मामा. म्हणजे शिपाई, परिचर. मावशी म्हणजे स्त्री परिचर. गट-डची ही पदं भरणं थांबलं आणि माणसं एजन्सीकडून येऊ लागली. लस ठेवायच्या आयएलआर फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत राहावं लागतं, ते दिवसातून दोनदा वाचून लिहायचं असतं. पावसाळी रात्री लाइट गेली की आमचे मामा कंदील घेऊन आधी तिकडे जायचे. झाकण कुणी उघडू नये, सकाळपर्यंत लाइट आली नाही तर कोल्ड बॉक्स भरून लस कुठे हलवायची, हे त्यांना सांगावं लागत नसे. ते गेल्यावर एजन्सीचा माणूस आला, चांगला होता. सहा महिन्यांत एजन्सी बदलली, माणूसही बदलला.

लाकडी नळी, नग एक. पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची. या नळीचं निर्लेखन मी स्वतः केलं. तिच्याबरोबर जे गेलं त्याला लाल रेघ मारता आली नाही. औषधांची खोली आणि तपासणीची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती, बोलणं ऐकू यायचं. नांदेडकडची एक मुलगी नव्याने रुजू झाली होती. आमच्या मोठ्या सिस्टर तिला सांगत होत्या, “आधी हात चोळून गरम कर, गार हात पोटाला लावू नको. आता बाळाची पाठ कुठल्या अंगाला आहे ते चाचप. पाठीच्या बाजूला ठोके चांगले लागतात. नळी ठेव, कान टेकव आणि नळीवरचा हात काढ. तो हात बाईच्या मनगटावर ठेव. नाडी आणि ठोके बरोबरीने पडायला लागले तर तू आईचेच मोजतेयस.” चार दिवस तिला काही लागलं नाही. पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून ओरडली, “लागले, सिस्टर, लागले!” ती मुलगी नऊ वर्षं राहिली.

आता ठोके मशीनवर ऐकू येतात, बाळाच्या आईलाही ऐकू येतात, ते फार चांगलं झालं. पण मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली नाही. पुढच्या नव्या मुली रिकाम्या खोलीत रुजू झाल्या. शिकवायला कुणी नाही, आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर माहिती भरून द्यायची. एकटीने रात्रीचं बाळंतपण करायची वेळ आली, त्या रात्रीनंतर दोघी परत आल्या नाहीत. मी त्यांना दोष देणार नाही.

अखंड सेवा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्याने आरोग्य केंद्राला खूप दिलं, माणसंही दिली, पण ती अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की एका दिवसाचा खंड, मग नवा आदेश. एकाच टेबलावर दोन सिस्टर, काम तेच, पगार निराळे. आमच्या एका कंत्राटी सिस्टरला स्कूटीसाठी बँकेने कर्ज दिलं नाही, कारण कर्जाच्या हप्त्यांपेक्षा तिच्या आदेशाची मुदत कमी होती. तिचं उपकेंद्र बारा किलोमीटरवर. सेवेची दहा वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच माणसांना संपावर बसावं लागलं.

जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने रुजू होणाऱ्यांची गेली. मला मिळते.

भरतीवरचा भरवसा. जिल्हा परिषदांची जाहिरात २०१९ साली निघाली, रद्द झाली, नवी निघाली २०२३ साली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, आरोग्य विभागाच्या गट-डचा पेपर फुटला. आमच्या मावशींचा मुलगा त्या परीक्षेला बसला होता. नंतर तो चाकणला कंपनीत लागला. मावशींची जागा घ्यायची त्याची फार इच्छा होती.

कुणाला काय चालत नाही. हे मी माझ्यापुरतं जपलेलं होतं. खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला सल्फाने अंगावर चट्टे उठायचे. एका घरातल्या तिघांना पेनिसिलीन द्यायचं नाही. एक बाई लोहाच्या गोळ्या नेते आणि चुलीमागे ठेवते, तिला समोरच पाण्याबरोबर द्यायची. केसपेपर हरवतात, ही माहिती माणसाकडे राहते. चार्ज देताना मी नव्या मुलाला सगळं सांगितलं. त्याने वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या आदेशात त्याला दुसरा तालुका मिळाला. वही कुठे आहे ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र टिकली आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी आरोग्याचं काम गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं घर तिथेच, शेत तिथेच, म्हणून काम सोडून जाण्याचा प्रश्न नव्हता. साधारण हजार लोकसंख्येला एक आशाताई आज जे करते त्याचं मूळ अशाच कामात आहे. आमच्याकडच्या आशाताई सगळ्या टिकल्या. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. सरकार त्यांना कर्मचारी मानत नाही. हे चूक आहे आणि ते मी स्पष्ट लिहून ठेवतो.

क्वार्टरमधला दिवा. माझ्या या यादीतली शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोठी वस्तू. तीस हजार माणसांमागे एक केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे, असा नियम आहे. त्या वीस हजार माणसांना रात्री एवढंच हवं असतं, की आवारात एका खिडकीत दिवा असावा आणि दार वाजवलं तर उघडावं. आमच्या आवारात सहा क्वार्टर होती. माझी दोन्ही मुलं तिथे वाढली. मग छतं गळायला लागली. दुरुस्तीचा प्रस्ताव दर वर्षी गेला. एका पावसाळ्यात सिस्टरांच्या स्वयंपाकघराचा स्लॅब खाली आला. त्या बाळंतपणाला केंद्रात होत्या म्हणून वाचल्या. एकेक कुटुंब तालुक्याला राहायला गेलं आणि एसटीने येऊ-जाऊ लागलं. लोक म्हणाले, अपडाऊन करतात, पगार कसला घेतात.

घरभाडं मिळायचं तर कर्मचारी मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो. त्यावर दर वर्षी गावात भांडणं होतात. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गावात तो ठराव येईल तेव्हा मत द्यायच्या आधी दवाखान्यामागे जा, क्वार्टरचं दार ढकला आणि आत उभं राहून वर पाहा.